वैरण महाग, बैल स्वस्त : दुष्काळातील पशुपालकाचे अर्थकारण

प्रास्ताविक

आपला देश कृषिप्रधान आहे, हे वाक्य आपण शाळेतील पहिल्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. शेतकऱ्याविषयी लिहिताना आपण पिकाबद्दल लिहितो, पावसाबद्दल लिहितो, कर्जाबद्दल लिहितो. परंतु त्याच्या दावणीला बांधलेल्या जनावराकडे अर्थशास्त्राचा विद्यार्थी क्वचितच वळतो. पोळ्याच्या दिवशी बैलाची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी तो विषय संपतो. वास्तविक पाहता मराठवाड्यातील लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल हे औजार आहे, खताचे साधन आहे आणि अडीअडचणीला मोडता येणारी ठेवही आहे. दुष्काळ पडला म्हणजे ही ठेव दोन-तीन महिन्यांत जवळजवळ निम्म्या किमतीची होते. बँकेतील ठेवींच्या बाबतीत असे घडले असते तर केवढा गहजब झाला असता! पण बैलबाजारात घडते तेव्हा त्याची दोन ओळींची बातमीही होत नाही. असे का घडते, त्याचा तोटा कोणाला व फायदा कोणाला होतो आणि त्यावर काही उपाय आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा लेख लिहिताना वर्गात शिकलेल्या मागणी-पुरवठ्याच्या नियमाचा आधार घेतला आहे. त्याचबरोबर घरातील व गावातील वडीलधाऱ्यांशी बोलून, त्यांनी आयुष्यभर केलेला व्यवहार समजून घेण्याचाही प्रयत्न केला आहे. पुस्तकातील आलेख आणि बाजारातील माणूस या दोहोंची गाठ घालून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या भागातील पशुधन

नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे गोवंशाच्या दोन नामांकित जातींचे माहेरघर आहेत. पहिली लाल कंधारी. कंधारच्या नावाने ओळखली जाणारी ही गडद तांबड्या रंगाची, मध्यम बांध्याची, काटक जात कंधार, मुखेड, बिलोली आणि लगतच्या अहमदपूर भागात पूर्वापार सांभाळली जाते. थोड्या वैरणीवर टिकणारा आणि काळ्या जमिनीत न थकता चालणारा बैल म्हणून तिची ख्याती आहे. दुसरी जात देवणी. लातूर जिल्ह्यातील देवणीवरून तिला नाव पडले. पांढऱ्या अंगावरील काळ्या रंगाच्या ठेवणीवरून तिचे वानेरा, बालंक्या व शेवेरा असे प्रकार मानले जातात. ही जात ओढकामालाही चांगली आणि दुधालाही बरी.

या जनावरांचे बाजारही तितकेच प्रसिद्ध आहेत. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार दूरदूरच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते आणि तेथे घोडे, गाढवे, उंट यांच्याबरोबर लाल कंधारी व देवणी जनावरांची मोठी उलाढाल होते. बिलोली तालुका अगदी सीमेवर असल्याने मांजरेपलीकडील तेलंगणातील व्यापारीही आमच्याकडील जनावरे नेतात. रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरविण्याची रीत जुन्या व्यापाऱ्यांत अजून आढळते.

या व्यवहाराचे मर्म बैलाच्या दातांत आहे. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेला अशा पायऱ्यांनी त्याचे वय मोजतात. हुशार शेतकरी आदत किंवा दोन दाती गोऱ्ह्यांची जोडी घेतो, तिला वखराला-तिफणीला लावून शिकवितो, दोन-तीन वर्षे स्वतःचे काम करून घेतो आणि जोडी ऐन भरात आली की नफ्याने विकून पुन्हा लहान गोऱ्हे आणतो. म्हणजे शेतीचे कामही होते आणि भांडवलही वाढते. ज्याच्याकडे गोऱ्हे घेण्याइतकेही पैसे नाहीत तो दुसऱ्याची कालवड अर्धेलीने सांभाळतो आणि वासरात किंवा विक्रीच्या पैशात वाटा मिळवितो. भूमिहीन माणसाला भांडवलदार होण्याचा खेड्यातला हा एकमेव मार्ग आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. माझ्या अकरावीच्या प्रवेशाचे पैसे आमच्या घरी एका कालवडीच्या विक्रीतूनच उभे राहिले होते. ज्या घरात पगार नाही आणि पेन्शन नाही, त्या घरात शिक्षण, दवाखाना आणि लग्न या तिन्ही खर्चांची तरतूद दावणीतच असते.

दुष्काळात भाव का कोसळतो?

धान्याच्या बाबतीत दुष्काळ म्हणजे महागाई. पीक कमी आले, पुरवठा घटला, किंमत वाढली, हा नियम आपण प्रथम वर्षातच शिकतो. जनावरांच्या बाबतीत मात्र हा नियम उलटा चालल्यासारखा दिसतो. वस्तुतः नियम तोच आहे. फक्त दुष्काळाचा आघात येथे मागणी व पुरवठा या दोन्ही बाजूंवर एकाच वेळी होतो.

पाऊस गेला की वैरण संपते आणि पाणी आटते. प्रत्येक घराला एकाच पंधरवड्यात जनावर विकावेसे वाटू लागते. बाजारात दावणीच्या दावणी उभ्या राहतात. हा झाला पुरवठा. दुसरीकडे घेणारा कोण? नेहमीचा ग्राहक म्हणजे दुसरा शेतकरी. त्याच्याही गव्हाणीत काही नसते आणि पेरणीचे कामही पुढे नसते. म्हणजे मागणी जवळजवळ नाहीशी होते. शिवाय उपाशी जनावर रोडावते. त्याची पाठ दिसू लागली की भाव आणखी उतरतो. आणि नाशवंत भाजीप्रमाणेच याही मालाला थांबता येत नाही. बाजारातून परत आणलेला बैल संध्याकाळी पुन्हा वैरण मागतो. ही गोष्ट व्यापाऱ्याला नेमकी ठाऊक असते, म्हणून तो बाजार उठेपर्यंत थांबतो आणि शेतकरी थांबू शकत नाही. आमचे आजोबा हे सारे एका वाक्यात सांगतात : "वैरण महाग झाली की बैल आपोआप सस्ता होतो."

पुढे पाऊस पडला की चित्र पालटते. मृगाचा पाऊस झाला की प्रत्येकाला पेरणीसाठी बैल हवा असतो. ज्यांनी विकले त्यांनाच तो परत घ्यावयाचा असतो आणि आता विकणारे थोडे असतात. अशा रीतीने लहान शेतकरी एका वर्षात दोनदा बाजारात जातो आणि दोन्ही वेळा चुकीच्या हंगामात जातो. एकदा सर्वांबरोबर विकावयास, एकदा सर्वांबरोबर घ्यावयास.

नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दुष्काळ व दारिद्र्यावरील आपल्या ग्रंथात इथिओपियातील पशुपालकांचा विचार केला आहे. तेथील पशुपालकांवरील संकट केवळ जनावरे मेल्याने आले नाही. जी उरली त्यांची किंमत धान्याच्या तुलनेत घसरली, हेही त्याचे मोठे कारण होते. एका जनावराच्या मोबदल्यात पूर्वी जेवढे धान्य येत असे तेवढे येईनासे झाले. सेन यांची ही मांडणी वाचताना बिलोलीचा माणूस दचकल्याशिवाय राहत नाही. आफ्रिकेतील त्या पशुपालकाची भाषा वेगळी, जनावरे वेगळी. पण त्याच्या दावणीचे गणित आपल्यासारखेच.

एका जोडीचा हिशेब

हा प्रश्न स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे सोईसाठी घेतले आहेत. ते कोणत्याही एका वर्षाचे नाहीत.

समजा, एका शेतकऱ्याच्या बैलजोडीची बऱ्या वर्षातील किंमत ८०,००० रुपये आहे. दुष्काळात माघ महिन्यात तिला ४५,००० रुपयेच मिळतात. पाऊस पडल्यावर तशीच जोडी घ्यावयास त्याला ८५,००० रुपये मोजावे लागतात. म्हणजे विकून परत घेण्यात ४०,००० रुपयांचा तोटा झाला.

आता तो जोडी न विकता सांभाळतो असे समजू. दोन बैलांना मिळून दिवसाला १४ किलो कोरडी वैरण धरली, तर १५० दिवसांना २,१०० किलो लागेल. चांगल्या वर्षी किलोला ४ रुपये दर असेल तर हा खर्च ८,४०० रुपये. दुष्काळात दर १० रुपये झाला तर २१,००० रुपये. हे पैसे सावकाराकडून महिना ३ टक्के दराने घेतले तर पाच महिन्यांचे व्याज ३,१५० रुपये. एकूण २४,१५० रुपये. विकण्यातील तोट्यापेक्षा हे १५,८५० रुपयांनी कमीच आहे.

मग शेतकरी जोडी विकतो का? त्याला हिशेब येत नाही म्हणून काय? तसे मुळीच नाही. पहिली गोष्ट, त्या २१,००० रुपयांसाठी त्याला कर्ज मिळेलच असे नाही. खरीप बुडालेला असतो आणि बँकेचे आधीचे कर्ज थकलेले असते. दुसरी गोष्ट, घरातील माणसांनाही खावयाचे असते. विकलेल्या बैलाचे ४५,००० रुपये आज हातात येतात आणि किराणा, दवाखाना, मुलांची फी भागते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुढचा पाऊस येईल याची हमी कोण देणार? तो आला नाही तर २४,००० रुपयांची वैरण खाऊन संपलेली असेल, कर्ज डोक्यावर असेल आणि बैलाचा भाव आणखी उतरलेला असेल. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे मराठवाड्यात पावसाने ओढ दिली, तेव्हा पहिल्या वर्षी जिद्दीने जनावरे राखलेल्यांवर दुसऱ्या वर्षी नेमका हाच प्रसंग आला.

अर्थतज्ज्ञ एन. एस. जोधा यांनी १९७० च्या दशकात राजस्थानातील दुष्काळाचा अभ्यास करून दाखवून दिले होते की शेतकरी सहजासहजी आपली उत्पादक मालमत्ता विकत नाही; आधी तो पोटाला चिमटा घेतो. आमच्या भागातही क्रम असाच दिसतो. प्रथम शेळ्या-कोंबड्या जातात, मग भाकड गाय, मग कालवड, मग घरातील किडूकमिडूक आणि अगदी शेवटी बैल. म्हणून बाजारात बैल दिसू लागले म्हणजे त्या घराने त्याआधी काय काय सोसले असेल, हे ओळखावे.

या व्यवहारात फायदा कोणाचा, हेही पाहिले पाहिजे. ज्याच्या शेतात विहिरीला पाणी आहे आणि ज्याच्या आखाड्यावर मागील वर्षीच्या कडब्याची बनीम शिल्लक आहे, तो ४५,००० ला जोडी घेतो आणि पावसाळ्यात ८५,००० ला विकतो. त्याने कायदा मोडला नाही की कोणाला फसविले नाही. तरीही परिणाम असा होतो की दर दुष्काळात काही दावणी रिकाम्या होतात आणि काही भरतात. पाऊस सर्वांवर सारखा रुसतो, पण त्याचा दंड मात्र वैरण नसलेल्यालाच भरावा लागतो.

१९७२ पासून आजपर्यंत

महाराष्ट्रातील दुष्काळाचा विषय निघाला की १९७२ चे नाव येतेच. वसंतराव नाईक त्यावेळी मुख्यमंत्री होते. गावोगाव खडी फोडण्याची, पाझर तलावांची व रस्त्यांची कामे निघाली. सुकडी आणि लाल मिलो ज्वारी त्या पिढीच्या लक्षात आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला याच काळात मोठे स्वरूप आले आणि पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. माणूस उपाशी मरू नये यासाठी राज्याने केलेले हे कार्य खरोखर मोठे होते. परंतु त्या काळाविषयी बोलताना आमच्याकडील जुनी माणसे एक गोष्ट आवर्जून सांगतात : खडीवर गेलेल्या माणसाला मजुरी मिळाली, पण घरी खुंट्याला बांधलेल्या बैलाला मजुरी नव्हती. दुष्काळ सरल्यावर अनेक घरांत माणसे होती, जमीन होती. पण ती जमीन कसावयास बैल नव्हता. ज्याच्याकडे बैल उरला नाही त्याने जमीन बटईने दिली आणि स्वतः सालगडी राहिला.

त्यानंतरच्या दुष्काळांत जनावरांसाठी चारा छावण्या हा उपाय रुळला. २०१५-१६ मध्ये बीड, उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि लातूर या जिल्ह्यांत छावण्या निघाल्या. मोठ्या जनावरामागे दिवसाला ७० रुपये व लहान जनावरामागे ३५ रुपये अनुदान होते. २०१९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने वाढवून १०० व ५० रुपये करण्यात आले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट देशभर गाजली. त्याच वर्षी फेब्रुवारीत छावण्या बंद करण्याचा आदेश निघाला आणि ओरड होताच तो मागे घेण्यात आला, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. पण अशा एका आदेशाने बाजारात काय होत असेल याची कल्पना करावी. छावणी बंद होणार अशी नुसती बातमी आली तरी शेतकरी घाबरून जनावर बाजारात नेतो.

नांदेड जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान बीड-लातूरपेक्षा अधिक असल्याने आमच्याकडे दुष्काळ तितकासा नसतो, असा एक समज आहे. बिलोली तर मांजरा-गोदावरीच्या संगमाजवळचा तालुका. परंतु आमच्यापर्यंत येण्यापूर्वी मांजरेचे पाणी वरच्या मांजरा, सिंगूर व निजामसागर या धरणांत अडते. पाऊस नसला की आमच्या वाट्याला वाळू येते, आणि उपशामुळे आता तीही धड राहिलेली नाही. पूर्वी वैशाखातही जनावरांना पुरेल एवढे पाणी असलेले डोह आज माघातच कोरडे पडतात. आमच्या घरची जोडी २०१६ च्या उन्हाळ्यात विकली गेली. तेव्हापासून आमची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर आहे आणि वाफसा आमच्यासाठी थांबत नाही. ट्रॅक्टरवाल्याची पाळी येईल तेव्हा आमची पेरणी.

याच सुमारास बाजारावर आणखी एक परिणाम झाला. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस बंदी होती, पण निरुपयोगी बैलाच्या बाबतीत दाखला घेऊन परवानगी मिळू शके. मार्च २०१५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ही बंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. या कायद्याच्या धार्मिक किंवा राजकीय बाजूची चर्चा येथे कर्तव्य नाही. बैलाला देव मानणारे घर आमचेही आहे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. पूर्वी म्हाताऱ्या बैलाला जी शेवटची किंमत येई, ती नव्या गोऱ्ह्याच्या खरेदीत भर म्हणून उपयोगी पडे. ही किंमत नाहीशी झाली की तेवढा भार शेतकऱ्याच्या खिशावर येतो, आणि तो बैल मरेपर्यंत पोसण्याचा खर्चही. समाजाला जर गोवंश राखावयाचा असेल तर राखण्याचा खर्चही समाजाने उचलला पाहिजे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले. त्या निर्णयात मराठवाड्यातील देवणी व लाल कंधारी यांचा उल्लेखही आहे. गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रत्येकी दिवसाला ५० रुपये अनुदानही ठरले. परंतु हे अनुदान गोशाळेला आहे. आपल्याच गोठ्यात म्हातारी गाय आणि थकलेला बैल सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

२०२२ मध्ये लंपी त्वचारोगाची साथ आली आणि सप्टेंबरात राज्यातील जनावरांचे बाजार बंद करावे लागले. साथ आटोक्यात आणण्यासाठी ते आवश्यक होते. मृत गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,००० व वासरामागे १६,००० रुपये अशी मदतही जाहीर झाली. पण जे जनावर जगले व ज्याला बाजारच मिळाला नाही, त्याच्या मालकाचे नुकसान कोणत्याही तक्त्यात बसले नाही. दुधाची गोष्टही अशीच. २०२३ मध्ये शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे ३४ रुपये दर ठरवून दिला. पण पुढे प्रत्यक्ष खरेदीदर घसरला आणि जानेवारी २०२४ पासून लिटरला ५ रुपये अनुदान देण्याची वेळ आली. सारांश, दुष्काळ असो, साथ असो की दूधदर, पशुपालकाच्या मालाचा भाव तो स्वतः कधीच ठरवीत नाही.

मूळ प्रश्न वैरणीचा

जनावराचा भाव वैरणीच्या भावाशी बांधलेला आहे, हे मान्य केले तर वैरण कमी का झाली हे पाहावे लागते. पूर्वी आमच्याकडे ज्वारी हे मुख्य पीक होते. ज्वारी माणसाला भाकरी देई आणि जनावराला कडबा. आता तिची जागा सोयाबीनने व कपाशीने घेतली आहे. कपाशी जनावराच्या काय उपयोगाची? सोयाबीनची गुळी असते, पण ती कडब्याची बरोबरी करू शकत नाही आणि यंत्राने कापणी झाली की तीही बरीचशी शेतातच राहते. शेतकऱ्याने नगदी पीक घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. रोख पैशाची गरज सर्वांनाच आहे. परंतु नगदी पिकाबरोबर घरची वैरण गेली आणि तीही बाजारातून विकत आणण्याची वस्तू झाली. ज्या वर्षी शेतमाल कमी येतो नेमकी त्याच वर्षी वैरण विकत घ्यावी लागते.

गायरानांचीही हीच कथा. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारी जंगल खात्याने गावोगावची चराऊ राने घेतल्याने शेतकऱ्याची जनावरे कशी खंगली, याविषयी कळकळीने लिहिले आहे. त्याला १४० वर्षे होऊन गेली. आपल्या गावातील गायरान आज किती एकर उरले आहे, याची चौकशी प्रत्येक विद्यार्थ्याने तलाठ्याच्या कार्यालयात जाऊन एकदा करावी.

याचा एकत्रित परिणाम पशुगणनेत दिसतो. २०१२ मध्ये महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंश होता. २०१९ च्या गणनेत तो सुमारे १ कोटी ४० लाखांवर आला. सात वर्षांत सुमारे दहा टक्के घट. ट्रॅक्टर वाढले हे एक कारण आहेच. पण दुष्काळात विकलेली जोडी परत घेणे न परवडणे, हेही कारण त्यात मिसळलेले आहे.

इतरांनी काय केले?

१९३४ मध्ये अमेरिकेत भीषण अवर्षण पडले तेव्हा तेथील सरकारने दुष्काळी भागातील शेतकऱ्यांकडून स्वतः गुरे विकत घेतली. ही संख्या ८० लाखांहून अधिक होती. बाजारात सरकारच ग्राहक म्हणून उभे राहिल्याने शेतकऱ्याच्या हाती काही पैसा आला. तेथे मांसाचा व्यवसाय असल्याने हा मार्ग चालला; आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही. परंतु त्यातील तत्त्व घेता येईल. भाव कोसळत असताना कोणीतरी एक भक्कम ग्राहक बाजारात उभा असला पाहिजे.

दुसरे उदाहरण केनियाचे. तेथील मार्साबिट भागात २०१० मध्ये एक नव्या प्रकारचा पशुविमा सुरू झाला. जनावर मेले की नाही हे तपासण्याऐवजी उपग्रहाच्या साहाय्याने रानातील चाऱ्याची स्थिती पाहावयाची आणि ती ठराविक पातळीखाली गेली की विमेदाराला पैसे द्यावयाचे, अशी ती कल्पना. आपल्याकडील पशुविमा जनावर मेल्यावर मिळतो. पण बिलोलीचा शेतकरी बैल मरू देत नाही. तो त्याआधीच त्याला निम्म्या किमतीत विकतो. हे नुकसान आपल्या विम्याला दिसत नाही.

काही उपाय

पहिला उपाय वेळेचा आहे. खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरात जाहीर होते. छावण्या निघतात त्या बहुधा त्यानंतर, उन्हाळ्याच्या तोंडावर. परंतु जनावरे विकली जातात ती दिवाळी ते संक्रांत या काळात. म्हणजे मदत येते तेव्हा दावण अर्धी रिकामी झालेली असते. २०१६ च्या दुष्काळ संहितेनुसार पाऊस, पिकांची स्थिती व जमिनीतील ओलावा पाहून ऑक्टोबरातच अंदाज बांधता येतो. २०१८ मध्ये ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीरही झाला होता. वैरणीची व्यवस्था त्याच दिवशी सुरू झाली पाहिजे.

दुसरा उपाय गावच्या वैरण पेढीचा. चांगल्या वर्षी सोयाबीनची गुळी व कडबा स्वस्त असतो, पुष्कळदा जाळलाही जातो. ग्रामपंचायतीने किंवा सहकारी सोसायटीने तो घेऊन साठविला आणि टंचाईत मूळ किंमत अधिक खर्च एवढ्याच दराने सभासदांना दिला, तर वरील हिशेबातील १० रुपयांचा दर बराच खाली येईल. वैरण दाराशी मिळाली तर शेतकऱ्याला घर सोडून छावणीत जाऊन राहावे लागणार नाही.

तिसरा उपाय कर्जाचा. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय पशुपालनासाठीही खुली झाली आहे. वैरण खरेदीसाठी त्यातून वेळेवर पैसे मिळाले तर आपल्या उदाहरणातील शेतकरी सावकाराकडे जाणार नाही आणि बाजारातही जाणार नाही. पुष्कळ शेतकऱ्यांना ही सोय ठाऊकच नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबर हे अर्ज भरून देण्याचे कामही आपल्याला करता येईल.

चौथा उपाय अनुदानाचा. लाल कंधारी व देवणी या जाती आजवर टिकविल्या त्या शेतकऱ्याने. तेव्हा जात टिकविण्यासाठी खर्च करावयाचा असेल तर त्यातील वाटा त्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचावा.

समारोप

दुष्काळ हा निसर्गाचा कोप असेल. परंतु दुष्काळात बैलाचा भाव कोसळणे हा निसर्गाचा कोप नाही. तो बाजाराचा, कर्जव्यवस्थेचा आणि उशिरा येणाऱ्या मदतीचा एकत्रित परिणाम आहे. निसर्गाला आपण बदलू शकत नाही. या तीन गोष्टी बदलता येतात. म्हणूनच हा विषय केवळ कीव करण्याचा नसून अभ्यासाचा आहे.

आपल्या महाविद्यालयातील बरेच विद्यार्थी शेतकऱ्यांची व शेतमजुरांची मुले आहेत. बँकेत, तहसील कार्यालयात, पशुसंवर्धन खात्यात उद्या आपल्यापैकीच काही जण बसणार आहेत. दुष्काळाच्या वर्षी वैरणीच्या कर्जाचा अर्ज घेऊन कोणी म्हातारा समोर उभा राहिला, तर त्याला "मार्चनंतर या" असे सांगण्यापूर्वी एवढे लक्षात असावे, की मार्चनंतर त्याच्याकडे बैल नसेल.